डोंगर घडवून पाहताना

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो एका शब्दाचा: टक्कर. कोल्हापुरात राहणाऱ्यानं या विषयावर कुस्तीबद्दल लिहावं, अशी अपेक्षा कुणीही करील. माझ्या मनात मात्र गेली काही वर्षं दुसरीच टक्कर घोळत होती. भारताचा भूखंड आशियाला जाऊन भिडला आणि त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला, हे शाळेत सगळेच शिकतात. तो नेमका कसा उभा राहिला, हे शोधण्यासाठी काही शास्त्रज्ञ संगणकात डोंगर पुन्हा पुन्हा घडवून पाहतात, ही गोष्ट त्यामानानं कमी लोकांना ठाऊक असते. कोट्यवधी वर्षं चाललेली घटना पडद्यावर कशी मांडतात आणि त्या मांडणीवर विश्वास कशाच्या आधारानं ठेवतात, हे मला समजून घ्यायचं होतं.

त्यासाठी मी गगनबावड्याची वाट धरली. हिमालय टकरीतून झाला, सह्याद्री टकरीविना झाला. टकरीनं काय घडतं हे कळायला, टक्कर नसताना डोंगर कसा होतो हे आधी पाहणं भाग होतं. ते आपल्या दारातच आहे.

कोल्हापूरहून पश्चिमेला

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. बालिंग्याहून कळे, साळवण करत गाडी पश्चिमेला निघते तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस, मग भात, मग नाचणीची तुकडे-तुकडे शेतं लागतात. डोंगर जवळ येत जातात, झाडी दाट होते, पण आपण फार चढलो असं वाटत नाही. गगनबावडा येतो. गावाच्या पलीकडे रस्त्याला दोन फाटे फुटतात, एक करूळ घाटाकडे जाणारा, दुसरा भुईबावड्याकडे. तिथून थोडं पुढे गेलं की जमीन संपते. खाली जवळपास अर्धा किलोमीटर कोकण पसरलेलं असतं.

सह्याद्रीचं वेगळेपण इथं उभं राहून कळतं. वैभववाडीकडून पाहणाऱ्याला ही भिंतच्या भिंत दिसते. कोल्हापूरकडून जाणाऱ्याला मात्र पठाराची तुटलेली कड दिसते. घाटाच्या वळणावर कापलेल्या कड्यात काळ्या खडकाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. कुठे थर वाकलेला नाही, कुठे एकाखाली दुसरा घुसलेला नाही. हिमालयातली दरी पाहिलेल्या माणसाला हे लगेच जाणवतं. तिथं थर मुडपलेले, उलटे झालेले, मैलोन् मैल सरकून दुसऱ्यांवर चढलेले असतात. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक एकेकाळी समुद्राच्या तळाशी साचला होता आणि त्यात सागरी जीवांचे अवशेष आहेत. तो तिथवर पोचला तो टकरीच्या रेट्यानं. करूळच्या कड्यातले थर जिथं साचले, तिथंच आडवे राहिले आहेत.

घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणारे काका म्हणाले, ‘दरड दरवर्षी येतीच. कुठं येणार एवढंच ठाऊक नसतं.’ हे वाक्य पुढे बऱ्याचदा आठवलं.

टकरीविना उभा राहिलेला

हे काळे थर म्हणजे दख्खनचा लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तो बाहेर आला आणि थरांवर थर चढत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग त्याखाली आहे. त्या वेळी भारत आजच्या जागी नव्हता. तो हिंदी महासागरात दक्षिणेला, आज रियुनियन बेट आहे त्या परिसरावरून उत्तरेकडे सरकत होता. लाव्हाचा उद्रेक ओसरल्यावर थोड्याच काळात भारताच्या पश्चिमेचा भाग फाटून वेगळा झाला. आजची सेशेल्स बेटं त्या तुटलेल्या भागाचा अवशेष आहेत. फाटलेल्या कडेपासून अरबी समुद्र रुंदावत गेला.

भूखंड असा फाटतो तेव्हा त्याची कड उंच राहते आणि समुद्राच्या बाजूला अचानक मोठा उतार तयार होतो. पावसाचं पाणी या उतारावरून वेगानं धावतं, कडा कुरतडतं, आणि कडा समुद्रापासून दूर सरकत आत येतो. कोकणपट्टी ही अशा माघारीतून मोकळी झालेली जमीन आहे. ढोबळ हिशोब करायचा तर, कडा सुरुवातीला आजच्या किनाऱ्याजवळ होता असं धरलं आणि ६ कोटी वर्षांत तो पन्नासेक किलोमीटर आत आला असं मानलं, तर सरासरी वेग वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी निघतो. हा वेग सगळा काळ सारखा राहिला असेल असं मात्र नाही. अशा कड्यांची संगणकीय मांडणी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सुरुवातीची माघार जलद आणि नंतरची संथ असल्याचं दिसलं आहे.

नद्यांचं वागणंही यातून उलगडतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या कड्याच्या अगदी मागून, अरबी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर म्हणाव्या अशा जागी उगम पावतात आणि समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघतात. त्यांची पंचगंगा होते, ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी सगळं द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला जातं. कड उचललेली आणि पठार पूर्वेकडे कललेलं असल्याखेरीज असं घडत नाही.

कड उचलली जायला रेटणारं कुणी नव्हतं, मग ती उचलली कशानं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला भारताच्याच मोजणी खात्याच्या एका जुन्या कोड्याकडे जावं लागतं.

ओळंब्याचा हिशोब

एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली भारताची मोजणी चालू होती. उत्तरेला मुझफ्फरनगरजवळचं कलियाना आणि दक्षिणेला सिरोंजजवळचं कलियाणपूर, या दोन ठाण्यांमधलं अक्षांशाचं अंतर दोन पद्धतींनी काढलं गेलं: जमिनीवर त्रिकोणांची साखळी मोजून, आणि ताऱ्यांचा वेध घेऊन. दोन उत्तरांत सव्वापाच सेकंदांचा, म्हणजे अंशाच्या अगदी बारीक भागाचा फरक आला. ताऱ्यांचा वेध घेताना उपकरण ओळंब्यानं सरळ करतात. हिमालयाचा प्रचंड दगड ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार, असा तर्क होता.

कलकत्त्याचे आर्चडीकन आणि गणितज्ञ जॉन हेन्री प्रॅट यांनी कागदावर हिमालय मांडला. डोंगराचे भाग पाडले, प्रत्येक भागाचं वस्तुमान धरलं, प्रत्येकाची ओढ काढली आणि सगळ्यांची बेरीज केली. उत्तर आलं जवळपास १६ सेकंद. प्रत्यक्षातला फरक त्याच्या एक तृतीयांश. हिमालय दिसतो तेवढा जड नाही, असा याचा अर्थ होत होता. प्रॅट यांचा निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी उलगडा सुचवला: उंच डोंगराखाली हलक्या खडकाचं तितकंच खोल मूळ असतं. ते खालच्या जड थरात रुतलेलं असतं आणि डोंगर त्यावर तरंगतो. आज भूकंपलहरींच्या साहाय्यानं मोजलं की तिबेटच्या पठाराखाली कवच सुमारे ७० किलोमीटर जाड भरतं, म्हणजे खंडांच्या नेहमीच्या जाडीच्या दुप्पट.

प्रॅट यांच्या हिशोबाचं महत्त्व मला दोन कारणांनी वाटतं. डोंगराचे लहान भाग पाडायचे, प्रत्येकावर भौतिकीचा नियम लावायचा आणि बेरीज करायची, ही आजच्या संगणकीय मांडणीचीही रीत आहे. आणि मांडणी चुकली तेव्हाच तिनं सर्वांत मोठी गोष्ट सांगितली. ओळंबा प्रत्यक्ष किती कलला याची मोजणी हातात नसती, तर १६ सेकंदांचं उत्तर कुणीही खरं मानलं असतं.

तरंगण्याचा हा नियम सह्याद्रीलाही लागू पडतो. वरच्या कवचाची घनता खालच्या थराच्या साधारण आठ दशांश असते. म्हणून विस्तीर्ण प्रदेशातून शंभर मीटर जाडीचा खडक पाण्यानं वाहून नेला, तर ओझं कमी झालेली जमीन खालून जवळपास ऐंशी मीटर वर येते. कवच ताठ असल्यानं ही उचल फक्त झिजलेल्या भागापुरती राहत नाही. शेजारची जमीनही सोबत उचलली जाते. यानी गुनेल आणि लुस फ्लेतू यांनी १९९८ मध्ये सह्याद्रीवर नेमकी ही मांडणी करून पाहिली. कोकणाच्या बाजूनं झीज होत गेली, ओझं हलकं झालं आणि त्यापायी घाटमाथ्याची कड वर उचलली गेली, हे त्यांच्या मांडणीचं सूत्र आहे. पाऊस डोंगर खातो हे आपण रोज पाहतो. खाता खाता तो डोंगर उचलतोही, हे मात्र गणित मांडल्याखेरीज दिसत नाही.

हौद्यातली माती

आता टकरीकडे वळायला हरकत नव्हती. त्यासाठी शहरातल्या एका जुन्या तालमीत गेलो. पहाटेचा सराव आटोपला होता आणि दोन पोरं कुस्तीचा हौदा सारखा करत होती. आधी खोऱ्यानं माती उकरलेली, मग एक रुंद फळी मातीत रोवून पुढे ओढायची. फळीपुढे तांबडी माती साठत गेली. तिचा ढीग आधी उंच होत गेला, एका ठरावीक उताराला पोचल्यावर उंची वाढेनाशी झाली आणि ढिगाचा पायाच पुढे सरकू लागला. पायाशी मातीला नवी भेग पडली, तिच्यावरून नवा तुकडा वर चढला. वस्ताद बाजूला उभे होते. म्हणाले, ‘माती चढती ती थोडाच वेळ. मग पुढं पळती.’

भूशास्त्रातली एक गाजलेली कल्पना या वाक्यात सामावली आहे. डॅन डेव्हिस, जॉन सप आणि अँथनी डॅलन यांनी १९८३ मध्ये तैवानच्या डोंगरांचा अभ्यास करताना तिला गणिताचं रूप दिलं. दोन भूखंड भिडतात तेव्हा कवचाचे वरचे थर खरवडले जाऊन पाचरीच्या आकारात साठतात. खालचं घर्षण किती आणि खडक किती मजबूत, यावर पाचरीचा उतार ठरतो. तो उतार गाठेपर्यंत पाचर आतून जाड होते. गाठल्यावर ती पुढे पसरते आणि पायथ्याशी नवी भेग पाडते. हिमालयात अशा प्रमुख भेगा एकामागून एक दक्षिणेकडे सरकत आल्या आहेत. सर्वांत नवी शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, मैदानाच्या तोंडाला आहे.

मी पोरांना ढिगाच्या माथ्यावरची माती हातानं काढत राहायला सांगितलं आणि फळी ओढायला लावली. ढीग पुढे पळायचा थांबला. काढलेली जागा भरून काढण्यासाठी आतली माती पुन्हा वर येऊ लागली. हिमालयावर पावसाळा हेच काम करतो. नद्या माथ्यावरून दगड वाहून नेतात, पाचरीचा उतार बिघडतो, आणि तो पुन्हा गाठण्यासाठी खोलातला खडक त्याच जागी वर येतो.

हौद्यातली माती मात्र एका मर्यादेपलीकडे उपयोगाची नाही. खरा खडक खोल गेला की तापतो, तापला की मऊ होतो, आणि त्याचं वागणं बदलतं. माती तापवून तीस किलोमीटर खोलीचा दाब देता येत नाही. संगणक तिथून पुढे लागतो.

खडक वाहतो, पण हळू

संगणकात डोंगर घडवायचा म्हणजे काय करायचं, हे एकदा नीट सांगतो. जमिनीचा एक उभा छेद घ्यायचा, समजा हजार किलोमीटर लांब आणि काहीशे किलोमीटर खोल. त्याचे लहान लहान चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात कोणता खडक आहे, त्याचं तापमान किती, घनता किती, हे भरायचं. मग प्रत्येक चौकोनासाठी तीन हिशोब सोडवायचे: आत आला तेवढा पदार्थ बाहेर गेला का, त्यावरच्या सगळ्या बलांचा मेळ बसतो का, आणि उष्णता किती आली, किती गेली. कडेला एका बाजूनं रेटा द्यायचा. तीनही हिशोब जुळले की काही हजार वर्षं पुढे जायचं आणि पुन्हा सगळे चौकोन सोडवायचे. अशी हजारो पावलं टाकली की पडद्यावर पाच कोटी वर्षं उलटतात.

यात खडकाला अतिशय घट्ट द्रव मानतात. दीर्घ काळाच्या मापात तो खरोखर वाहतो. कवचाखालच्या प्रावरणाचा चिकटपणा पाण्याच्या मानानं एकावर चोवीस शून्यं इतक्या पटींनी जास्त धरला जातो. वरचा थंड खडक तुटतो, खालचा तापलेला वाहतो. कुठे तुटायचं आणि कुठे वाहायचं, हे तापमान आणि दाब ठरवतात. यासाठी अ‍ॅस्पेक्ट, अंडरवर्ल्ड अशा प्रणाली आहेत. त्या कुणालाही मोफत उतरवून घेता येतात आणि त्यांची सगळी आज्ञावली उघडी असते.

या मांडण्यांनी हिमालयाबद्दल एकच एक उत्तर दिलं नाही, आणि ते वाद वाचायलाच मला सर्वांत गोडी वाटली. १९८२ मध्ये फिलिप इंग्लंड आणि डॅन मॅकेन्झी यांनी सगळ्या आशियाई कवचाला एक पातळ, चिकट पत्रा मानलं. भारत घुसला, पत्रा जाड झाला, तिबेट उंच झालं. त्याच वर्षी पॉल तापोनिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगीत प्लॅस्टिसिनच्या ठोकळ्यात एक कडक ठोकळा दाबून दाखवला. त्यात पदार्थ जाड होण्याऐवजी बाजूला, पूर्वेकडे सटकला. एकाच्या हिशोबात आशिया फुगतो, दुसऱ्याच्या प्रयोगात चीन आणि इंडोचायना बाजूला ढकलले जातात. प्रत्यक्षात दोन्ही घडलं असावं, पण किती प्रमाणात, यावर आजही अभ्यास चालू आहे.

२००१ मध्ये कॅनडाच्या डलहौसी विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर बोमाँ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक चित्र मांडलं. तिबेटखालचं मधलं कवच तापून इतकं मऊ होतं की ते दक्षिणेकडे वाहू लागतं, आणि हिमालयाच्या दक्षिण उतारावर पाऊस जिथं जोरानं झीज करतो, तिथं ते पृष्ठभागावर येतं. या मांडणीत मान्सून हा डोंगर घडवणारा भागीदार ठरतो. पाऊस काढून टाकला तर तोच डोंगर वेगळा घडतो.

मला संगणकाचा खरा उपयोग इथं दिसला. पृथ्वीवर हिमालय एकच आहे. पाऊस नसलेला हिमालय, मऊ तळ नसलेलं तिबेट, दुप्पट वेगानं आदळलेला भारत, हे कुठे जाऊन पाहता येत नाहीत. संगणकात एक कारण शून्य करून बाकी सगळं तसंच ठेवता येतं. वेगाचा मुद्दा तर खराच आहे. टकरीआधी भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगानं उत्तरेला चालला होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला आणि मंदावत गेला. आज तो वर्षाला चार-पाच सेंटिमीटर सरकतो आणि त्यातले सुमारे दोन हिमालयात दाबले जातात. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळच्या गोरखा भूकंपात या साठलेल्या रेट्याचा काही भाग मिनिटाभरात सुटला, तेव्हा काठमांडूचा परिसर जवळपास एक मीटर वर आला आणि त्याच्या उत्तरेची उंच शिखरं थोडी खाली बसली. डोंगर एकसारखा वाढत नाही. तो झटक्यांनी वाढतो आणि मधल्या काळात वाकून राहतो. संगणकानं घडवलेल्या डोंगराला हे दोन्ही जमलं पाहिजे.

कोल्हापूरचा नकाशा पडद्यावर

हे सगळं वाचून झाल्यावर भूगोल शिकवणाऱ्या एका मित्राकडे बसलो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारनं पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली होती. ती माहिती प्रत्येक ३० मीटरला एक आकडा, अशी मोफत मिळते. आम्ही कोल्हापूरपासून विजयदुर्गापर्यंतचा तुकडा घेतला. साध्या लॅपटॉपवर कवचाच्या खोलातला हिशोब झेपत नाही, पण पृष्ठभाग झिजण्याचा झेपतो. त्याचा मूळ नियम थोडक्यात असा: एखाद्या जागी नदी किती खोदेल, हे तिथं किती पाणी गोळा होतं आणि उतार किती आहे, यावर ठरतं. ज्याँ ब्रॉन आणि शॉन विलेट यांनी २०१३ मध्ये हा हिशोब वेगानं करण्याची रीत काढली. तिच्यामुळे साध्या यंत्रावरही लक्षावधी वर्षं मांडता येतात.

आम्ही कल्पित पठार घेतलं. पश्चिमेला उभी कड, पूर्वेला हलका उतार. पावसाचे आकडे इथलेच धरले. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेच्या शिरोळला पाचशेच्या आसपास. पडद्यावर काळ सुरू झाला. कोकणाकडचे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे, ते मागे मागे खात आत आले. त्यांच्यातला एखादा पुढे घुसला की पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचा उगमच तोडून स्वतःकडे घेई. पाणलोटाची रेषा कड्याच्या अगदी काठाला चिकटून राहिली. गगनबावड्याला ती खरोखर तिथंच आहे.

मग पाऊस सगळीकडे सारखा केला. कडा तरीही मागे सरकला, फक्त वेग आणि दऱ्यांचा आकार बदलला. म्हणजे कड्याच्या माघारीचं मूळ कारण उतारातला फरक आहे, पाऊस तिला वेग देतो. नुसतं घाटात उभं राहून मला हे दोन धागे वेगळे करता आले नसते.

पडद्यावर कडा गुळगुळीत सरकतो. प्रत्यक्षात तो दरडींनी सरकतो. ३० जुलै २०१४ ची माळीण, २२ जुलै २०२१ ची तळिये, जुलै २०२३ ची इर्शाळवाडी. लक्षावधी वर्षांच्या हिशोबात अशी प्रत्येक दरड उताराच्या आकड्यात विरून जाते. टपरीवरच्या काकांना कोणत्या वळणावर दरड येईल ते ठाऊक नव्हतं आणि ही मांडणीही त्याचं उत्तर देत नाही. त्यासाठी मातीची जाडी, मुरणारं पाणी, तोडलेला उतार यांची वेगळी, बारीक मांडणी लागते. कोणता प्रश्न कोणत्या मांडणीला विचारायचा, हे ओळखणं हाच या विद्येतला विवेक आहे.

टकरीचा धक्का घरापर्यंत

हिमालय दूर आहे म्हणून टक्कर दूर आहे असं समजायचं कारण नाही. भारताचा भूखंड एकसंध आहे. उत्तरेच्या टोकाला त्याला अडवलं की ताण सगळ्या द्वीपकल्पात पसरतो. रॉजर बिल्हॅम, रिबेका बेंडिक आणि केली वॉलेस यांनी २००३ मध्ये हिमालयाखाली दाबला जाणारा भारत कसा वाकतो याचा हिशोब मांडला. उत्तर टोक खाली जातं तेव्हा मध्य भारतात त्याला फुगवटा येतो आणि द्वीपकल्पाच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या खोलीवर कुठे ताण, कुठे दाब तयार होतो. इथल्या भूकंपांचा विचार त्यांनी या चौकटीत केला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमिनीचा एक तुकडा दुसऱ्यावर चढला. जवळपास दहा हजार माणसं गेली. एका तुकड्यानं दुसऱ्यावर चढणं ही दाबाची खूण आहे, हिमालयात घडतं तेच, फार लहान प्रमाणात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ क्षमतेचा भूकंप झाला, त्याचा धक्का कोल्हापुरातही बसला. कोयनेत भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या. १९६२ पासून भरत गेलेल्या शिवसागर जलाशयाचं पाणी खोल भेगांत मुरलं आणि आधीच ताणलेली भेग सुटली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ताण निसर्गाचा होता, निमित्त पाण्याचं झालं.

या भेगेजवळ नेमकं काय चाललंय ते पाहण्यासाठी कोयनेच्या परिसरात खोल विंधनविहिरी घेतल्या गेल्या. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. गोठणे गावाजवळची विहीर २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल गेली. वरचे १,२४७ मीटर लाव्हाचे थर, त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस हे प्राचीन खडक. तोवर लाव्हा किती जाड आणि खालचा खडक कसा, हे आकडे मांडणी करणारे अंदाजानं धरत. आता निदान एका जागी तापमान, ताण आणि खडक हातात आहेत.

सड्यांची साक्ष

एवढं फिरल्यावर एक गोष्ट पक्की झाली. संगणक डोंगर अनेक प्रकारांनी घडवू शकतो. तळ मऊ धरा किंवा कडक, पाऊस जास्त धरा किंवा कमी, आकडे थोडे हलवले की वेगवेगळ्या वाटांनी सारखाच डोंगर उभा राहतो. कोणती वाट खरी, ते संगणक सांगत नाही, जमीन सांगते. प्रॅट यांना ओळंब्यानं सांगितलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी २०२३ मध्ये भारताच्या दक्षिणेला समुद्रात जिथं गुरुत्वाकर्षण कमी भरतं, त्या गुरुत्वीय खळग्याचं कारण शोधताना १४ कोटी वर्षं मागे जाऊन १९ वेगवेगळ्या मांडण्या चालवल्या आणि आजच्या खळग्याशी ज्या जुळल्या त्यांच्यावर भरवसा ठेवला. रीत तीच आहे.

पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला आणि २०१९ मध्ये आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ सुरू झाला. यंत्रबळ आता महाराष्ट्रात आहे. प्रणाली आणि उपग्रहांची माहिती मोफत आहे. कोल्हापूरच्या कुठल्याही महाविद्यालयातल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या तालुक्याचा डोंगर पडद्यावर घडवून पाहता येईल, आणि तसं शिकवलं गेलं पाहिजे.

तपासायचं कशाच्या आधारे? सह्याद्रीसाठी त्यातला फार मोठा आधार आपल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर आहे. पन्हाळा, मसाई पठार, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडचे सडे जांभ्यानं झाकलेले आहेत. जांभा उतारावर तयार होत नाही. सपाट, उष्ण, ओल्या जमिनीवर खडक लाखो वर्षं कुजत राहिला की लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं, त्याचं हे कवच. एक जांभा हजार मीटरच्या आसपास घाटमाथ्यावर, दुसरा रत्नागिरीच्या परिसरात समुद्राजवळ कमी उंचीवर. माइक विडोसन यांनी १९९० च्या दशकात हे दोन स्तर पाहून सह्याद्री कधी, किती उचलला गेला याचा मागोवा घेतला. कुणीही सह्याद्रीची मांडणी केली तरी तिला या दोन स्तरांच्या उंचीचं उत्तर द्यावंच लागतं. दिलं नाही, तर ती मांडणी बाद.

आणि ह्याच कवचात बॉक्साइट असतं. त्यासाठी जिल्ह्यातले सडे वर्षानुवर्षं खोदले जात आहेत. सडा गेल्यानं फुलं, गवत, झरे, गुरांची चरणी जाते, हे बोललं जातं आणि ते बोललंच पाहिजे. त्याबरोबर जातो तो सहा कोटी वर्षांच्या उचलीचा लेखी पुरावा. झाड पुन्हा लावता येतं, जांभ्याचा स्तर पुन्हा लावता येत नाही. खाण देताना त्या सड्याची उंची, जाडी, थरांचा क्रम मोजून नोंदवून ठेवणं सक्तीचं हवं आणि काही सडे हात न लावता राखले गेले पाहिजेत. उद्या इथलाच एखादा विद्यार्थी सह्याद्री पडद्यावर उभा करील. त्याला तो खरा की खोटा हे ठरवता यावं, एवढी जमीन आपण त्याच्यासाठी शाबूत ठेवायला हवी.